पडद्याआडचा वजनकाटा

सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांच्या तपासणीला रांग लांब आणि सिस्टरबाई एकट्या. त्यामुळे त्या काट्यापाशी उभ्या राहून वजनाचा आकडा ओरडायच्या आणि पलीकडच्या टेबलावर कारकूनबाई तो लिहून घ्यायच्या.

एकदा शिवणकाम करणारी एक सात महिन्यांची गरोदर बाई दोन तपासण्या बुडवून आली. सिस्टरबाई कडाडल्या, "पोटातल्या जिवाची काही काळजी आहे की नाही?"

"आहे ना, म्हणून तर आले," ती खालमानेनं म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, 'एवढंच वजन? घरी जेवायला घालत नाहीत का?' सासूबाई बाकावरच बसल्या होत्या. घरी जाऊन रडल्या हो त्या."

सिस्टरबाईंना चोवीस वर्षांच्या नोकरीत असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. त्यांनी काटा उचलून पडद्याआड नेला, तिचं वजन स्वतःच लिहिलं आणि हळूच म्हणाल्या, "चांगलं वाढलंय गं. सासूबाई बाहेर थांबल्यात ना, त्यांना आत बोलाव, बाळाचे ठोके ऐकू देत."

म्हातारीनं कान देऊन ऐकलं आणि ती हसली. "अगंबाई, हा तर आत्ताच पळत सुटलाय!"

पुढच्या महिन्यात सून ठरल्या दिवशी आली, ती आपल्या लाजाळू, गरोदर जावेलाही सोबत घेऊनच.