आठव्या महिन्याची गाठ

पोटावर चार बोटं टेकवायची, डोळे मिटायचे आणि आतून कुणी सांगितल्यासारखं म्हणायचं, "अजून कच्चं हाय." मग डोळे उघडून माझ्याकडे पाहायचं, कारण ते वाक्य माझ्यासाठीच असे. मी नर्स. बालाघाट जिल्ह्यात, राजेगावच्या अलीकडच्या एका सीमेवरच्या गावात उपकेंद्रावर बरीच वर्षं काढली, आणि त्यातली निम्मी तरी या बाईशी वाद घालण्यात गेली.

ती गावची सुईण, गाव तिला मोठीमाय म्हणे. मीही तोंडावर तेच म्हणे, मनात दुसरं काहीतरी. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील, ज्यांना आयुष्यात एकदाही शंका आलेली नसते. गेल्या वर्षी ती वारली तेव्हा सगळं गाव धावलं. मी लसीकरण उरकून, चहा घेऊन मग गेले.

तिच्या घरात खुंटीला पांढरे दोरे लटकत. जिला दिवस गेले तिच्या नावाचा एक दोरा, आणि दर अमावस्येला त्यात एक गाठ. माझ्याकडे कार्ड होतं, वजनकाटा होता, भिंतीवर महिन्यागणिक वाढणाऱ्या बाळाचा तक्ता होता. त्या तक्त्यात दुसऱ्या महिन्यातच बाळाचं हृदय धडधडू लागे. तिच्या मते दुसऱ्या महिन्यात नुसती गाठ, तिसऱ्यात मूठभर मांस, जीव यायचा तो चौथ्यात. तक्त्यापुढे उभी राहून ती विचारायची, "हे काढणारा पोटात जाऊन आलता का?" बायका हसायच्या. माझ्या लोहाच्या गोळ्यांनी लेकरू काळं होतं, असं तिनं सांगून ठेवल्यामुळे त्या गोळ्या उकिरड्यावर जात. सहाव्या महिन्यानंतर ती पोरींचं जेवण निम्मं करी, म्हणजे लेकरू लहान राहील आणि अडणार नाही. सुकलेल्या पोरी माझ्यासमोर वजनकाट्यावर उभ्या राहत आणि मी दात खात आकडा लिहीत असे.

पण खरा कहर आठव्या महिन्याचा. सातव्यात बाळ पुरं होतं, आठव्यात पुन्हा कच्चं, हे तिचं शास्त्र. आठव्यात म्हणे जीव आईकडून बाळाकडे आणि बाळाकडून आईकडे फिरत असतो. मधेच बाळ बाहेर आलं, तर जीव आईपाशीच राहतो. म्हणून सातव्याचं वाचतं, नवव्याचं वाचतं, आठव्याचं नाही. मी वाद घातला की ती शेवटचा पुरावा काढी. "माह्यंच पाह्य ना. पह्यलं आठव्याचं होतं. नाई वाचलं." हे ती इतक्या सहज बोले की मला किळस येई. स्वतःचं मेलेलं मूल ही बाई प्रमाणपत्रासारखं दाखवते, असं मी नवऱ्याला म्हटल्याचं आठवतं.

एका दुपारी आमच्याच गल्लीतल्या घरून निरोप आला. गोंदियाकडून आलेली नवी सून, पहिलटकरीण, पाणी गेलेलं. मी पोचले तर पोरगी खाटेवर कण्हत होती, नवरा फोन हातात धरून दारात उभा होता आणि सासू मोठीमायच्या तोंडाकडे पाहत होती. मोठीमायच्या हातात दोरा होता.

"आठ गाठी हायेत," ती म्हणाली. "बालाघाटले नेऊन काहून हाल करता तिचे? राहू द्या घरीच."

नवऱ्यानं मला हळूच, दवाखान्यात बोलायच्या हिंदीत विचारलं, "सिस्टर, गाड़ी बुला लूँ क्या?" पण त्याचा पाय उचलेना. सासू हलल्याशिवाय तो हलणार नव्हता, आणि मोठीमायनं सांगितल्याशिवाय सासू हलणार नव्हती. माझ्या कार्डावरही आठवाच होता. मी धमकावलं, हात जोडले, काही उपयोग झाला नाही. पोरगी माझ्याकडे पाहत होती. मग एकदम मला त्या वर्षीचा अधिक महिना आठवला.

"मोठीमाय," मी म्हटलं, "धोंड्याच्या महिन्याची गाठ मारली का तू?"

ती थांबली. "मारली ना."

"धोंड्यात लग्न धरत नाई, मुंज धरत नाई. पोटचा महिना बरा धरला?"

शपथेवर सांगते, असं अडाणी वाक्य मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. पण ते तिच्याच शास्त्रातलं होतं. तिनं दोरा डोळ्यांजवळ नेला, ओठ हलवत पुन्हा मोजलं आणि एक गाठ दातांनी सोडली.

"सातवा हाय," ती म्हणाली. "न्या लौकर."

बाळ बालाघाटच्या दवाखान्यात जन्मलं. ओंजळभर होतं, पण वाचलं. बारशाला मोठीमाय पाळण्याच्या उशाशी बसली आणि येईल त्याला सांगू लागली, "सातव्याचं वाचते. मी म्हणलंच होतं." मी लाडू खाल्ला आणि गप्प बसले. त्या बाळाचं श्रेय तिला जाताना पाहून माझा जळफळाट झाला, हे लपवत नाही.

पुढल्या महिन्यात मात्र तिनं दुसऱ्या एका पोरीच्या दोऱ्यात आठवी गाठ मारली आणि घरच्यांना बजावलं, आता महिनाभरात कळा आल्या तर नर्सले बलावू नोका. हे मला लसीकरणाच्या दिवशी कळलं. केंद्र बायकांनी भरलं होतं आणि ती बाकावर ऐसपैस बसली होती. माझा तोल गेला. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, मी सांगून टाकलं की ते बाळ आठव्याचंच होतं, धोंड्याची गोष्ट मी रचली होती, आणि आठव्याची बाळं सातव्यापेक्षा जास्त वाचतात. बोलताना मला मजा येत होती. तिचं तोंड पडलेलं मला पाहायचंच होतं.

ती चिडली नाही. त्या तक्त्याकडे पाहू लागली. मग म्हणाली, "माह्यं सुपात ठेवलतं. कोपऱ्यात. सासू म्हणे हात नोको लावू, जीव लागन. दिवस बुडेपर्यंत रडत होतं."

माझ्या हातात सिरिंज तशीच राहिली.

"त्या लेकराले कशानं वाचवलं?" तिनं विचारलं. "मशीनीत ठेवलतं?"

खोटं बोलायचं होतं तर ते तेव्हा बोलायला हवं होतं. हो म्हटलं असतं, मोठी मशीन होती म्हटलं असतं, तर आपल्या वेळी मशीन नव्हती म्हणून तिचं निभावलं असतं. पण मी नर्स, जे खरं तेच मी सांगितलं. "नाई. मायच्या उघड्या छातीले लावून ठेवलं. वरून लुगडं. आन् थेंब थेंब दूध."

"एवढंच?"

"हौ," मी म्हटलं. "एवढंच."

ती उठली आणि अनवाणीच घरी गेली. चपला पायरीवर राहिल्या. ती त्या न्यायला आली नाही, ना त्या दिवशी, ना पुढच्या लसीकरणाला. आठव्या गाठीच्या त्या दुसऱ्या पोरीला आठव्यातच कळा आल्या तेव्हा घरच्यांनी मला बोलावलं, मोठीमायनंच पाठवलं म्हणाले. चपला मी अजून आत कपाटाखाली ठेवल्या आहेत.