ग्रामसभेचा अनुमोदक

"बस खाली. ठराव तुयाच अनुमोदनानं झाला, अन् आता तूच बोंबलून राह्यला?"

भाऊसाहेब खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. सरपंचपद त्यांच्या बायकोचं, खुर्ची त्यांची. मे महिन्यातली ग्रामसभा. पुढे खुर्च्या, मागे सतरंजी, आणि सतरंजीच्याही मागे, चपलांच्या ढिगाला लागून, आमची वस्ती. मी तिथे उभा. पांढरा, इस्त्रीचा सदरा घालून.

सचिवांनी रजिस्टर उघडून जानेवारीतला ठराव वाचला. वस्तीलगतच्या मोकळ्या जागेवर कचरा शेड बांधण्यास मंजुरी. सूचक, भाऊसाहेबांचा पुतण्या. अनुमोदक, मी.

"बाप्पा! दारात उकिरडा मागून घेतला यानं!" खुर्च्यांमधून कोणीतरी म्हणालं. सगळा हॉल हसला. मी खाली बसलो. बसलो तोही कोणाच्या तरी चपलेवर.

हसणाऱ्यांचं फार चुकलं असंही नाही. माझी मूर्खपणाची सर्व्हिस सहा वर्षांची होती.

मी गवंडी. आवाज खणखणीत. म्हणून भाऊसाहेबांनी मला गावाचा अनुमोदक केला. सचिव पुढे काहीतरी पुटपुटायचे. भाऊसाहेब मागे वळून बोट करायचे. मी ताडकन उठून, "माझं अनुमोदन आहे!" कशाला, ते कधी विचारलं नाही. आपला आवाज खुर्चीपर्यंत पोचतो, याचीच मला नशा. अंघोळ करताना त्या वाक्याचा सराव करायचो. बायको बाहेरून ओरडायची, "अवो, बादलीले काऊन अनुमोदन देऊन राह्यले?"

सभा संपली की सह्या. आमच्याकडे सही आधी आणि ठराव नंतर. सचिव पानाचा वरचा अर्धा भाग कोरा सोडत. "मजकूर निवांत लिहितो," म्हणत. पाया पाहिल्याशिवाय मी भिंतीला हात लावत नाही. पण कोऱ्या पानाखाली सहा वर्षं सह्या ठोकल्या.

वस्तीला मोकळी जागा एकच. चौदा एप्रिलची सभा तिथे. लग्नाचा मांडव तिथे. माणूस मेला की उचलायच्या आधी थोडा वेळ तिथेच ठेवतो. कडुनिंबाखाली पोरी पोलीस भरतीचा अभ्यास करतात. तिथे अभ्यासिका व्हावी म्हणून मी दोन वर्षं भाऊसाहेबांच्या मागे फिरलो. सव्वीस जानेवारीला, झेंडा झाल्यावर, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा.

"घेऊ ना तुयी अभ्यासिका. तू फक्त अनुमोदन देजो."

त्या दिवशीच्या ग्रामसभेत मी एवढ्या जोरात ओरडलो, की बाहेर बसलेली म्हैस उठून उभी राहिली.

मार्चमध्ये ठेकेदार आला. पायाची आखणी करायची, तर दोरीचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतं. मीच धरलं. फुकटात. वर घरून चहा आणून पाजला. चुन्याची फक्की पडत होती आणि मी जमलेल्या पोरींना सांगत होतो, "इकडून खिडक्या घेऊ. उजेड चांगला येते."

ठेकेदार माझ्याकडे पाहतच राहिला. "कचऱ्याले उजेड कायले पाह्यजे, मिस्त्री?"

वस्तीतली शेवंताआत्या तिथेच उभी होती. ती ओरडली नाही. नुसतं विचारलं, "गावाचा कचरा काढता काढता माया जलम गेला. अन् आता तू तो दारात आणला का रे?"

हातात दोरी. मला फसवलं, असं सांगावं, तर फसवणाऱ्यांत माझंच नाव लिहिलेलं.

म्हणून मेच्या सभेत उभा राहिलो होतो. आणि चपलेवर बसलो.

हसणं थांबलं. विषय पुढे सरकले. शेवटी शिपाई नेहमीसारखा रजिस्टर घेऊन मागे आला. भाऊसाहेब पुढून म्हणाले, "चाल, सही करून टाक. राग नोको धरू. पुढच्या पारी तुले मेंबर करू."

मी पान पाहिलं. वर अर्धं कोरं.

त्या हसण्याहून हे जास्त लागलं. त्यांना खात्री होती. एवढं होऊनही हा सही करणार, म्हणजे करणारच.

मी पेन घेतला. कोऱ्या जागेत, अगदी वरच्या ओळीपासून लिहायला लागलो. माझं अक्षर म्हणजे ट्रॉलीतून ओतलेल्या विटा. पण लिहिलं. कचरा शेडला माझा विरोध आहे. जानेवारीत हा ठराव मला वाचून दाखवला नाही. अभ्यासिका सांगून अनुमोदन घेतलं. ते मी परत घेतो. खाली सही केली. मग उभा राहून सगळं मोठ्यानं वाचलं.

कोणी हसलं नाही.

"अबे, सरकारी रजिस्टर आहे थे!" सचिव धावत आले. "खराब करून टाकलं! केस होईन तुयावर!"

"करा जी केस," मी म्हणालो. "पण कोर्टात हे पान पुरं वाचजा."

शेवंताआत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. "शाईचं पॅड आण रे," शिपायाला म्हणाली. माझ्या सहीखाली तिनं अंगठा दाबला. मग माझी बायको. मग मागची सगळी रांग.

शेड रद्द झालेली नाही. पंचायत समितीत तक्रार दिली, तर चौकशी सुरू आहे म्हणतात. मला गावात काम मिळणं बंद झालं. मी वर्ध्याला, पिपरी मेघेच्या साइटवर जातो. ठेकेदार दोनदा येऊन परत गेला, कारण गावातले नऊच्या नऊ गवंडी आमच्या वस्तीतले, आणि एकानंही थापी उचलली नाही. आता पुलगावहून मिस्त्री आणणार, असं ऐकतो.

आणा. ज्या दिवशी ते येतील, त्या दिवशी मी कामावर जाणार नाही. वस्ती त्या जागेवर बसलेली असेल, म्हाताऱ्यांसकट, पोरींसकट. पाया खणायचा असेल तर आधी आम्हाला उचलावं लागेल. आणि आम्ही उठणार नाही.