अर्ध्या इंचाची माया

मास्तरांच्या दुकानात नवं काही शिवून मिळत नसे. घट्ट झालेलं सैल करणं आणि सैल झालेलं आत घेणं, एवढाच त्यांचा धंदा. हात फिरवलाय हे दिसलं की काम बिघडलं, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता सांगत. पुढेमागे अंगाला कमी पडलं तर असावं म्हणून शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला ह्या धंद्यात माया म्हणतात. मास्तर माणसांची पारख ह्या मायेवरून करत. दोन बोटं माया ठेवणारा शिंपी त्यांच्या लेखी देवमाणूस आणि ती कापून टाकणारा कसाई.

अशा माणसाच्या हाती भाचीने फोटो सुधारायचं ॲप दिलं. सुरकुतीवर बोट फिरवलं की सुरकुती गायब, गाल ओढला की गाल भरलेला. भाची शिकवून गेली आणि विसरली. मास्तरांना मात्र त्याची गरजच होती, कारण मध्ये कावीळ होऊन ते वाळले होते आणि दूरच्या शहरातल्या ताईने दम भरला होता की पुन्हा असा दिसलास तर दुकानाला कुलूप लावून तुला माझ्याकडे आणीन. ताई बोलली की करायची. आणि तिच्याकडे राहायचं म्हणजे भावोजी. भावोजी निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी एक गोष्ट सांगत. तिच्यात पाण्याचा पंप बंद पडे आणि भावोजी तो चालू करत. दुसरी गोष्ट त्यांच्याकडे नव्हती.

म्हणून दर रविवारी दुकानाच्या पायरीवर बसणारा चावीवाला मास्तरांचा फोटो काढी आणि मास्तर गालाला अर्धा इंच सोडून तो ताईला पाठवत. डोळ्यांखालचं काळं पुसत, पण कानाजवळचे पांढरे केस मुद्दाम ठेवत. सगळंच गुळगुळीत केलं तर ताईला संशय यायचा. गडबड वेगळीच झाली. हातातल्या कपड्यावरूनच पुढचं बेतायची त्यांना सवय, म्हणून माप नेहमी मागच्या रविवारच्या फोटोचं घेत आणि त्यावर आणखी जरासं सोडत. आठवड्या-आठवड्यातला फरक कुणाला कळला नाही. कळायला कुणी पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवून बघितलाच नव्हता.

चावीवाल्याने एकदा म्हटलं, "मास्तर, हा फोटोतला माणूस तुमच्या पँटीत मावायचा नाही."

"शिवण सोडून देऊ," मास्तर म्हणाले. "आत माया आहे."

उलट ताईचे फोटो येत त्यात ताई होती तशीच सडपातळ, मास्तरांनी खास तिच्यापुरत्या शिवून दिलेल्या जांभळ्या कोटात. तब्येत राखावी ती ताईने, असं मास्तर चावीवाल्याला ऐकवत.

मग एक दिवस निरोप आला, उद्या संध्याकाळच्या बसने येतेय.

मास्तरांनी शर्टाच्या आत दोन स्वेटर घातले, खांद्यांना जुन्या कोटातल्या गाद्या लावल्या. चेहऱ्याचं काय करावं कळेना. चावीवाल्याने गाल फुगवून बसायला सांगितलं.

"आणि बोलू कसा?"

"ताई आल्यावर तुम्हाला बोलायला मिळतं का?"

हे पटण्यासारखं होतं. मास्तर स्टँडवरच्या बाकावर गाल फुगवून बसले. बस आली, रिकामी झाली, निघूनही गेली. सडपातळ कुणी उतरलं नाही. एक भारदस्त बाई तेवढी येऊन बाकावर आदळली. तिने मास्तरांकडे पाहिलं, बिचाऱ्याची दाढ सुजलीय अशा नजरेने, आणि मान फिरवली.

मास्तरांची नजर तिच्या चेहऱ्यावर गेलीच नाही, ती कोटाच्या शिवणीवर अडकली. जांभळ्या कापडावर कुणीतरी काळा दोरा मारला होता आणि शिवण सोडत सोडत अगदी काठाला आणली होती. मास्तरांना राहवेना. त्यांनी गालांतली हवा सोडली.

"बाई, राग मानू नका. पण तुमच्यात आता माया म्हणून शिल्लक राहिलेली नाही."

बाई सावकाश वळली. "सकाळपासून बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतलीत ती भावासाठी. तो गोबरा अजून उगवला नाही, आणि मला माया शिकवणारे तुम्ही कोण?"

"अहो, कोटात. कोटात म्हणतोय मी. चांगली दोन बोटं ठेवली होती मी..."

मास्तर थांबले. बाईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"टाचणी?" ती म्हणाली.

ह्या नावाने त्यांना जगात एकच माणूस हाक मारी.

ताईने फोन काढून फोटो पाहिला, मग मास्तरांना, मग पुन्हा फोटो. पिशवीतून तिने एक नवंकोरं दणकट कुलूप काढून मांडीवर ठेवलं. मास्तरांना पंप ऐकू येऊ लागला. बुडत्या आवाजात त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, फोटोत आत घ्यायला तुला कुणी गं शिकवलं?"

ताईचं उघडलेलं तोंड मिटलं. "तुझ्या भाचीने," ती म्हणाली. "तूच कोट देताना म्हणालास, बेताने खा, जन्मभर पुरेल. म्हटलं, तुला वाईट वाटेल."

दोघं दुकानात पोचली. पायरीवर ताईने हिशेब मांडला. अख्ख्या गल्लीला तिने गोबऱ्या भावाचे फोटो दाखवले होते. आता हा वाळका नेऊन शेजारी उभा केला, तर बोभाटा होऊन नातलग तिचेही फोटो तपासणार. तेव्हा मास्तरांनी इथेच राहावं, दोन वेळ नीट जेवावं, आणि कुलूप दुकानाला रात्री लावावं. जुनं नाहीतरी गंजलंय. चावीवाल्याने नवं तपासून पसंत केलं.

मास्तरांनी कोटाला बगलेत पट्टी जोडली, जांभळ्याच दोऱ्याने. ताईने घालून पाहिला, दोन्ही हात वर केले, श्वास सोडला. नातलगांना पाठवायला चावीवाल्याने दोघांचा फोटो काढला. ताईने तो पाहिला आणि फोन मास्तरांच्या हातात दिला.

"तुला अर्धा इंच सोड, मला अर्धा इंच आत घे."

"एवढंच?"

"मागच्या फोटोशी जुळव म्हणजे झालं," ताई म्हणाली.

मास्तरांनी चष्मा चढवला. काम पहाटेपर्यंत चाललं.