द्वारकाबाय माईक घेत नाही

दुपारी जेवून मी लादीवरच आडवी होते. चार वाजता नगरपालिकेत सुनावणी आहे. आमचा मासळीबाजार गावाबाहेर हायवेला हलवायचा घाट घातलाय, आणि सगळ्याजणींनी बोलायला मला पुढे केलंय. सुनेनं लिहून दिलेला कागद छातीवर आहे. डोळे मिटले की त्यातल्या ओळी पळतात, उघडले की पंख्याची घरघर. या कुशीवरून त्या कुशीवर.

"सरक गो जरा," कुणीतरी म्हणतं.

मी सरकते. शेजारी द्वारकाबाय बसली आहे. तीस वर्षं बाजारात तिचा ओटा माझ्या ओट्याला लागून होता. गेल्या वर्षी होळीच्या आधी ती वारली. हे मला माहीत आहे, तरी मी विचारते, "जेवलीस का बाय?"

"ते राहू दे. काय बोलणार ते सांग."

मी वाचायला लागते. "सन्माननीय मुख्याधिकारी साहेब..." आम्ही बाजारात आहोत. ओट्यांवर मासळी नाही, नुसतं पाणी वाहतंय.

"हे कुणाला सांगतेस?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना हाक मारून कधी पापलेट खपलंय? एकीच्या डोळ्यांत बघायचं. ती थांबली की दुसरीकडे."

"बाजारातलं वेगळं गो."

"काय वेगळं?"

मी वळते तर पालिकेचं सभागृह. हातात माईक. सात वर्षांपूर्वीही बाजार हलवायचं निघालं होतं, तेव्हा इथंच मी 'नमस्कार' म्हटलं आणि घसा बंद झाला. मागून कुणीतरी हसलं. द्वारकाबायनं उठून माझ्या हातातला माईक घेतला आणि अशी बोलली की तो विषयच बारगळला. त्यानंतर मी कधी चारचौघांत तोंड उघडलं नाही.

मी माईक तिच्यापुढे धरते. ती दोन्ही हात पाठीमागे नेते.

"घे ना बाय."

"नाही."

"लोक हसतील."

"हसू देत. त्या दिवशी घेतला ते चुकलंच माझं. जरा थांबले असते तर तूच बोलली असतीस."

"तुला काय, तुला भीती नव्हती."

"माझे गुडघे लटलटत होते. टेबलाला पोट टेकून उभी होते, दिसलं नाही तुला?"

नव्हतं दिसलं. पायाखालची फरशी डुलायला लागते, होडीच्या फळ्या आहेत. समोर खुर्च्याच खुर्च्या, माणसांना चेहरे नाहीत. फक्त साहेबांना आहे, आणि ते फाईल मिटून उठतायत.

"गिऱ्हाईक चाललं बघ," द्वारकाबाय म्हणते.

"ओ साहेब! थांबा!"

ते थांबतात. माझा कागद कुठे आहे कोण जाणे. मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलते. होडी पहाटे धक्क्याला लागते, हायवेला नेईपर्यंत बर्फाचं पाणी होईल. आमची सावित्री सत्तरीला आलीये, दोन्ही गुडघे गेलेत, धक्क्यापासून ओट्यापर्यंत टोपली नेताना तीनदा बसते. ती हायवेला कशी येणार? तिनं काय घरी बसायचं?

द्वारकाबाय शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहते. कानामागे हात धरते. "ऐकू येत नाही!"

मी आवाज चढवते.

"ऐकू येत नाही!"

मी पोटातून ओरडते. आणखी ओरडते. तिची पाठ दिसते, दारातून बाहेर जाताना.

"आई! ओ आई!"

सून माझा खांदा हलवतेय. तीन वाजून गेलेत. दारात शेजारच्या निर्मला, भानुमती आणि आणखी दोघी उभ्या आहेत. एकीची वेणी अर्धीच घातलेली.

"काय झालं म्हणून धावत आलो," निर्मला म्हणते. "मग ऐकतच राहिलो."

"कुठपासून?"

"'साहेब थांबा'पासून. सावित्रीचं सांगितलंस ना, ते तिथंही सांग गो."

"सांगते," मी म्हणते. घसा सोलवटलाय. आवाज जाडाभरडा, फाटका येतो. पण येतो.