टाचेवरचा काळा डाग

उत्तनची ती कोळीण नवघरच्या आमच्या लॅबमध्ये पहिल्यांदा आली, तेव्हा मीच तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. "मावशी, बाहेर थांबा. आत एसी आहे, वास कोंडतो." ती उठून बाहेर गेली.

तिच्या टाचेवरचा डाग कापून सर्जनने आमच्याकडे तपासायला पाठवला होता. "गंजका गळ घुसला व्हता बाय, त्याचाच डाग हाय," ती ज्याला त्याला सांगायची.

स्लाइडमधला तपकिरी रंग गंजातल्या लोहाचा की मेलॅनिनचा, म्हणजे कातडीच्या रंगद्रव्याचा, हे डॉक्टरांना पक्कं करायचं होतं; मेलॅनिन निघालं तर कॅन्सरचा संशय होता. त्यांनी मला चांदीचा स्टेन करायला, म्हणजे चांदीच्या केमिकलने स्लाइड रंगवायला सांगितलं. त्यात मेलॅनिन काळंभोर दिसतं, लोह तसं दिसत नाही. फक्त भांडी अगदी स्वच्छ लागतात. मी घाईत बरणी नुसती नळाखाली विसळली. अख्खी स्लाइड काळी झाली, आणि चांदीचं केमिकलही तेवढंच उरलं होतं.

डॉक्टर ओरडतील म्हणून मी स्लाइड फेकून दिली. केमिकल आधीच संपलं होतं, असं त्यांना सांगितलं. नवीन यायला तीन आठवडे लागले.

तेवढ्या काळात ती चारदा आली. उत्तनहून बस, मग स्टेशनचा पूल, लंगडत.

"न्हाय आला रिपोट?"

"नाही. मशीन बिघडलंय."

चौथ्या वेळी तिने विचारलं, "बाय, काळं आलं तर वंगाळ ना?"

मी सहकारी मुलीकडे बघून म्हटलं, "मावशी, तुम्हीच एवढ्या काळ्या, तुमचं गोरं कसं येणार?" आम्ही दोघी हसलो. तीही हसली, पदर तोंडाला लावून.

दुसरी स्लाइड छान झाली. पेशींमध्ये काळे कण, खोलवर. कॅन्सर होता.

काही महिन्यांनी तिची सून मोठ्या हॉस्पिटलसाठी तिच्या डागाचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक न्यायला आली. सासूचा पाय कापला होता, जांघेत गाठ आली होती.

"तिथले डॉक्टर ओरडले, इतका उशीर का केला म्हणून," सून म्हणाली. "आई बोलल्या, माझीच चूक."

सांगायची वेळ तीच होती. मी रजिस्टर पुढे सरकवलं. "इथे सही करा."

मावशी गेल्याचं मला सर्जनच्या कंपाउंडरकडून कळलं. तोवर मी सीनियर टेक्निशियन झाले होते.