तीन विद्यार्थी, सात हात

जूनमधल्या एका सोमवारी विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरचा प्रवेशाचा फलक बदलण्यात आला. जुन्या फलकावर चार विद्यार्थी हसत उभे होते. त्यांतली कडेची मुलगी उन्हाळ्याआधी डेंगीने गेली होती. मी जनसंपर्क विभागात होतो. तिला छायाचित्रातून काढण्याचा निरोप मीच डिझायनरला दिला होता. नव्या फलकावर तीन विद्यार्थी होते.

बुधवारी वर्तमानपत्रातल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला.

"काय रे, सात हातांच्या मुलांनाही प्रवेश देता का आता?"

मी रस्ता ओलांडून बघितलं. मधल्या मुलीच्या खांद्यावर एक हात होता. बोटं, मनगट, हिरवी बांगडी. त्यापुढे आकाश.

डिझायनरने फोटो स्क्रीनवर मोठा केला. "सर, मला तो त्या मधलीचाच वाटला," तो म्हणाला.

शुक्रवारी हा फलक उतरवून दुरुस्त केलेला लावायचा, असं कुलसचिवांनी ठरवलं.

गुरुवारी त्या वारलेल्या मुलीची आई कार्यालयात आली. कुटुंब मराठी, पण बसवनगुडीतलं, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतच राहिलेलं. बेळ्ळंदूरच्या नोकरीवर जाताना आई रोज आमच्या समोरच्या स्टॉपवर बस बदलायची. चूक उद्या दुरुस्त होईल, असं मी तिला सांगितलं.

"नको अण्णा. चेहरा काढलात ते सरी, बरंच झालं. मला बघवत नव्हता. हात स्वल्प दिवस राहू दे."

"लोक हसतायत, अक्का."

"हसू दे की. कुणाचा आहे ते त्यांना कुठं ठाऊक?"

मी कुलसचिवांना जाऊन विचारलं. ते नाही म्हणाले. बाहेर येऊन तिला तेच सांगितलं.

"काढलेला फलक कुठं जातो?" तिने विचारलं.

"ठेकेदार नेतो. ताडपत्री म्हणून विकतो."

"म्हणजे कुणाच्या तरी छपरावर."

"हो."

"मग मला द्या."

शुक्रवारी ती स्टॉपवर थांबली होती. ठेकेदाराच्या माणसांनी फ्लेक्स उतरवून फुटपाथवर पसरला आणि हाताचा भाग कापला. जमिनीवर तो तिच्या उंचीपेक्षा लांब भरला. कापणाऱ्याने विचारलं, खालचा खांदा वेगळा करू का?

"नको," ती म्हणाली. "मग हात ठेवणार कशावर?"

गुंडाळी ऑटोत मावेना. आत काय आहे, असं चालकाने कन्नडमध्ये विचारलं. तिने कन्नडमध्येच उत्तर दिलं, माझी मुलगी. त्याने सीटखालून दोरी काढली आणि बाहेर राहिलेलं टोक दांड्याला बांधलं.

संध्याकाळी मी कुलसचिवांना कळवलं. फलक दुरुस्त झाला आहे. तीन विद्यार्थी, सहा हात.