एका खेपेला किती मागायचं

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या यज्ञेश्वर भोयरला त्याची बायको पद्मिनी 'मशीनचा नवरा' म्हणते, आणि ती बाई उगीच बोलत नाही. लग्नाच्या वाढदिवशी हा गडी ऐन मे महिन्यात स्वेटर घालून सर्व्हर रूममध्ये सापडला होता. बाहेर रायपूर तव्यावर भाजत होतं, आणि हा आत कुडकुडत आकडे बघत बसलेला.

पंडरीच्या कापडबाजारामागे त्याची कंपनी. सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यांत तापलेल्या पट्ट्यांचे कॅमेऱ्यानं फोटो निघतात, ते इथे येतात. पट्टीला तडा दिसला की इथून कारखान्याला लगेच कळवायचं, असा धंदा. फोटो लाखांनी. एका मशीनच्या पोटात ते मावत नाहीत, म्हणून पुष्कळ मशिनी जोडून त्यांची एकच मोठी कोठी केलेली. त्या कोठीकडे एका खेपेला किती माल मागायचा, तो आकडा यज्ञेश्वर ठरवायचा. माणसं घर बांधतात, प्लॉट घेतात. यानं जन्मभर तेवढा एक आकडा घासूनपुसून नेमका बसवला.

पद्मिनीला त्यानं एकदा समजावून सांगितलं होतं. "हे पाहा, पंगतीत पाव्हण्याले चमचाभर चटणी पाहिजे, अन् वाढपी दरवेळी अख्खं घमेलं उचलून आणून राहिला, तर पंगत उठन का कधी?"

"मंग तुमच्या पंगतीत काय असते?"

"चटणीच. लहान लहान फोटो, दुसरं काही नाही."

"अन् या चटणीसाठी तुम्ही पुण्याची चालून आलेली नोकरी सोडली!"

खरंच सोडली होती. रायपूर सोडवत नाही, असं तो सांगायचा. पाऱ्यातली माणसं काय दुधखुळी आहेत? कोणाला काय सोडवत नव्हतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मग मुख्य कचेरीला काटकसरीची उबळ आली. ज्या शाखेची कोठी वेगाच्या परीक्षेत नापास होईल, तिला कुलूप. तिचे फोटो हैदराबादच्या भाड्याच्या मशिनींवर जातील. परीक्षा म्हणजे एकच अगडबंब फाइल सरसर ओढून दाखवायची. यज्ञेश्वरनं कळवून पाहिलं, की बाबांनो, आमच्याकडे असं काम येतच नाही. उत्तर आलं, परीक्षा सगळ्यांना सारखीच.

त्याचा साहेब निरंजन. हा पोट्टा केबल धरायला यज्ञेश्वरकडूनच शिकला, आणि बघता बघता त्याच्याच डोक्यावर जाऊन बसला. तो म्हणाला, "भैया, एका दिवसापुरता आकडा वाढवून टाका ना. परीक्षा घेऊन कचेरीच्या मॅडम गेल्या का परत कमी करा. कोणाले समजते?"

"हे कॉपी झाली, निरंजन."

"कॉपी कायची? लग्नात तुम्ही सूट घातला असन ना? रोज घालता का?"

यज्ञेश्वर हसला नाही, पण त्यानं आकडा वाढवला. भीती मोठी वाईट. भल्या माणसाला ती सूट घालायला लावते.

मुख्य कचेरीच्या अनुश्री मॅडम आल्या. घरी मराठी, कचेरीत हिंदी, असा त्यांचा रिवाज. घमेल्यानं माल उपसणाऱ्या कोठीनं ती अगडबंब फाइल चुटकीसरशी ओढली. मॅडम खूश. "वाह! यही सेटिंग रहेगी, अब इसे कोई छेड़ेगा नहीं," असं म्हणून त्यांनी आकडा बदलण्याचा अधिकारच मुख्य कचेरीकडे घेतला आणि विमानतळाकडे निघाल्या. निरंजननं पेढे वाटले. यज्ञेश्वरच्या हातातला पेढा हातातच मऊ झाला.

मॅडमचं विमान उतरलं नसेल, तोवर सिलतऱ्याहून फोन सुरू. एकेका चिमुकल्या फोटोसाठी मशिनी घमेली उपसू लागल्या आणि मागे रांग तुंबली. तडा गेल्याची खबर पोचेपर्यंत पट्टी ट्रकवर चढून गावाबाहेर. कारखानदारांच्या शिव्या मुख्य कचेरीपर्यंत गेल्या, आणि मॅडमनी पडद्यावर मीटिंग बोलावली.

"मशीन तो पास है. फिर गड़बड़ी किसकी है?"

यज्ञेश्वरच्या ओठांवर खरं आलं होतं. आकडा परीक्षेपुरता होता, एवढंच म्हणायचं. पण म्हटलं की परीक्षा पुन्हा, जुन्या आकड्यावर कोठी नापास, आणि खोलीला कुलूप. त्यानं निरंजनकडे पाहिलं. निरंजनला नेमकं तेव्हाच मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं होतं.

"माझीच देखरेख कमी पडली, मॅडम," यज्ञेश्वर म्हणाला.

खोली वाचली. यज्ञेश्वरची बदली सिलतऱ्याला झाली: कारखान्यातल्या कॅमेऱ्यांच्या काचांवरची काजळी पुसायची आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारी ऐकायच्या. हुकुमात त्याला 'नवी जबाबदारी' म्हटलं होतं. पाऱ्यातल्या टवाळांनी लगेच विचारलं, "प्रमोशन झालं म्हणते भोयर साहेबाचं! पार्टी कधी?" घरी पोरगी ईरा म्हणाली, "पापा, आपने बोला क्यों नहीं?" पद्मिनीनं तिला गप्प केलं आणि तोच प्रश्न स्वतः विचारला.

"काहून नाही बोलले तुम्ही?"

"बोललो असतो तर खोली गेली असती."

"अन् आता? तुमच्या बापाची आहे का ते खोली? दारातला गार्ड तरी आत सोडन का तुमाले?"

यज्ञेश्वरनं ताट पुढे सरकवलं. पहिल्यांदाच त्या बाईला आपण जिंकलो म्हणून आनंद झाला नाही.

हल्ली तो सिलतऱ्याला जातो. लाल धूळ, भट्टीची झळ, नाकातोंडात काजळी. परवा फोरमन पांडुरंग त्याच्यापाशी आला, कपाळाचा घाम निपटत. "भोयर साहेब, फोटो काहून अटकून राहिले हो? आज पुन्हा तडकलेली पट्टी निंगून गेली. तुमाले तर मशीनचं समजते म्हणते."

समजत होतं. कुठे बोट ठेवायचं, किती कमी करायचं, सगळं पाठ होतं. यज्ञेश्वरनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याची काच त्यानं आत्ताच लखलखीत पुसली होती.

"काच खराब झाली असन," तो म्हणाला, आणि पुन्हा पुसायला लागला.